मीठ, थंडावा आणि लिंबाची साल : सॅमन आणि रावस घरी मुरवताना

भाऊच्या धक्क्यावर बोंबलापासून घोळीपर्यंत सगळं उतरतं, सॅमन मात्र उतरत नाही. हे आधीच सांगून टाकतो. रे रोड, डॉकयार्ड रोड, माझगाव या पट्ट्यात राहणाऱ्याला पहाटे उठून धक्क्यावरून मासा आणायची सवय असते, आणि मिठात मुरवलेल्या सॅमनबद्दल वाचलं की त्याचे पाय आधी तिकडेच वळतात. तिथे सॅमन मागितलात तर कोळीण मावशी रावस पुढे करतील. त्यात त्यांची चूक नाही. इंग्रजी अमदानीपासून रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात आणि हॉटेलांच्या मेनूकार्डावर आजही तसंच छापलेलं असतं. पण या दोन माशांचं एकमेकांशी नातं नाही. रावस आपल्या उबदार समुद्रातला, किनाऱ्यालगतच्या आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या गढूळ पाण्यात फिरणारा. छातीच्या पराखाली त्याला चार सुटे धागे असतात, चिखलात भक्ष्य चाचपायला. सॅमन थंड पाण्यातला, अंगात भरपूर चरबी साठवणारा. मुंबईत विकला जातो तो बहुतेक नॉर्वेच्या समुद्रात जाळीबंद वाफ्यांमध्ये वाढवलेला.

हा फरक नीट लक्षात ठेवायचा, कारण मुरवलेला मासा न शिजवता खायचा की तव्यावर टाकायचा, ते त्यावरच ठरतं. सॅमन काही अटी पाळून मिठात मुरवला की न शिजवता खाता येतो. रावसही मिठात, लिंबाच्या सालीत सुरेख मुरतो, पण तो शिजवूनच खायचा. यात सवलत नाही. या लेखात दोन्हींच्या कृती देतो आहे. त्याआधी थोडं मिठाबद्दल आणि थोडं धोक्यांबद्दल, कारण तेवढं समजलं की कृती पाठ करावी लागत नाही.

मिठात मासा घालणं आपल्या किनाऱ्याला नवं नाही. घोळ, दाढा, सुरमई, मुशी खारवून ठेवायच्या, बोंबील वलांडीवर वाळत घालायचे, हे कोळीवाड्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. जून-जुलैत समुद्र खवळलेला, यांत्रिक बोटींच्या मासेमारीला सरकारी बंदी. त्या दिवसांची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवावी लागते. मीठही लांबून आणायला नको होतं. रे रोडहून हार्बर लाइनने थोडं उत्तरेला गेलं की वडाळ्याची मिठागरं, पलीकडे भांडुप-मुलुंडची, खाडी ओलांडली की उरण-पेणची. पण त्या खारवण्यात मीठ मुठीमुठीने पडतं आणि वर कडक ऊन असतं. माशातलं पाणी इतकं कमी होतं की त्यात जंतूंना वाढायला जागाच उरत नाही. म्हणून तो महिनोन् महिने टिकतो, आणि म्हणूनच खाण्याआधी भिजवून, मीठ उतरवून शिजवावा लागतो.

आपण करणार आहोत तो प्रकार स्कॅन्डिनेव्हियातला. तिथल्या कोळ्यांनी मध्ययुगात सॅमन मीठ लावून जमिनीत पुरून आंबवायला सुरुवात केली. पुढे पुरणं सुटलं आणि मीठ, साखर, शेपूसारखी पानं लावून थंड जागी दोन-तीन दिवस ठेवणं एवढं राहिलं. यात मीठ अगदी हलकं असतं. मांस घट्ट होतं, चकाकतं, चव एकवटते. पण एवढ्या मिठाने मासा टिकत नाही, फक्त मुरतो. टिकवण्याचं काम थंडावा करतो. खारवलेला मासा फडताळात राहतो म्हणून हाही बाहेर राहील असं कुणी समजलं, तर मुंबईच्या हवेत घरातली माणसं आजारी पडतील.

धोके तीन आहेत. पहिला कृमींचा. समुद्रातल्या रानटी माशांच्या मांसात अनिसाकिस नावाचे बारीक कृमी असू शकतात. माणसाच्या पोटात गेले तर काही तासांत असह्य कळा आणि उलट्या सुरू होतात. हलकं मीठ त्यांना मारत नाही आणि लिंबाचा रसही नाही. पेरूमध्ये कच्चा मासा लिंबाच्या रसात घालून ‘सेविचे’ करतात. रसाने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं आणि लोक निर्धास्त होतात. आम्लामुळे प्रथिनांची घडण बदलते, म्हणून ते पांढरं दिसतं, बाकी मासा कच्चाच असतो. कृमी मरतात ते नीट शिजवल्याने किंवा खोल गोठवल्याने. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक उणे 20 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात 7 दिवस, असा आहे. घरच्या फ्रीजरची मजल फार तर उणे 18 पर्यंत जाते, आणि एकाच दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तिथवरही पोचत नाही. त्यामुळे ‘घरीच गोठवून घेतो’ हा मार्ग विसरा. कारखान्यात गोठवलेला सॅमनच घ्या. तयार खाद्यावर वाढवलेल्या सॅमनमध्ये हे कृमी सापडण्याची शक्यता मुळातच फार कमी असते. तरी वाढवलेलाही आणि गोठवलेलाही, असा दोन्ही अटींत बसणारा घ्यावा असं मी सांगेन. काउंटरवर बर्फावर मांडलेला ‘ताजा’ सॅमन डोळ्यांना मोह घालतो, पण या कामाला गोठवलेलं बंद पाकीट जास्त भरवशाचं. पाकिटावर देश, वाढवलेला की समुद्रातून पकडलेला, गोठवल्याची तारीख आणि साठवणुकीचं तापमान वाचा. यातलं काही छापलेलं नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर तो मासा रस्स्यासाठी घ्या, मुरवण्यासाठी नको.

दुसरा धोका जंतूंचा. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि गोठवल्याने तो मरत नाही. धडधाकट माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांच्या जिवावर बेतू शकतं. परळला टाटा रुग्णालयात उपचार घेणारी माणसं या भागात किती घरांत उतरलेली असतात, हे वाचकांना सांगायला नको. केमोथेरपी चालू असलेल्या पाहुण्याला न शिजवलेला मासा वाढू नका. ‘एक काप खाऊन बघा’ असा आग्रहही नको. त्यांच्यासाठी रावसाची कृती आहेच, तीही तितक्याच प्रेमाने करता येते. आपल्या उबदार किनारी पाण्यात विब्रिओ जातीचे जंतूही असतात आणि ते उन्हाळ्यात भराभर वाढतात. धक्क्यावरचा मासा कितीही ताजा असला तरी कच्चा खायचा नाही, तो या कारणासाठीही.

तिसरा धोका वेळेचा आणि उष्णतेचा. बांगडा, सुरमई, कुपा या माशांवर तर तो विशेष. हे मासे उष्ण हवेत पडून राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. एकदा झालं की मिठाने जात नाही, तळल्यानेही जात नाही. तोंड लाल होणं, डोकं भणभणणं, अंगावर पित्त उठणं ही त्याची लक्षणं. म्हणून सुरुवात या माशांपासून करू नका. सॅमन आणि रावसच बरे.

घरचा फ्रीज खरंच किती थंड आहे ते एकदा मोजून घ्या. पाण्याने भरलेल्या ग्लासात साधा थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बघा. 4 अंश किंवा त्याहून कमी दिसायला हवं. 7-8 दिसलं तर बटण फिरवून आणखी एक रात्र थांबा. मासा दाराच्या कप्प्यात ठेवायचा नाही. दार उघडलं की पहिली गरम हवा तिथेच लागते. सगळ्यात खाली, मागे, भिंतीजवळ ठेवा. आमच्या चाळींतल्या आणि पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्समधल्या लहान फ्रीजमध्ये दूध, कणीक, कालची आमटी अशी दाटी असते, त्यामुळे थंड हवा फिरत नाही. हे दोन दिवस जरा जागा करा.

आता मीठ. इथे बहुतेकांची घाई होते. परदेशी पाककृतींत मासा मिठा-साखरेच्या ढिगात पुरून ठेवायला सांगतात आणि ठरलेल्या वेळी बाहेर काढून धुवायला. त्या पद्धतीत सगळा हिशोब घड्याळावर असतो. तुकडा पातळ निघाला, आपल्याला घरी यायला उशीर झाला, हार्बर लाइन रखडली, की मासा खारट होऊन लाकडासारखा ताठतो. त्यापेक्षा वजनाची पद्धत घ्या. माशाच्या वजनाच्या 3 टक्के मीठ मोजून लावायचं आणि ते पूर्ण आत मुरेपर्यंत थांबायचं. मीठ तेवढंच असल्यामुळे चार-सहा तास जास्त झाले तरी मासा त्याहून खारट होऊ शकत नाही. लोणचं मुरतं तसं हे काम आपल्या गतीने होतं, मध्ये ढवळाढवळ करायची गरज नसते.

चमच्याने मोजू नका. बारीक मिठाचा एक लहान चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो, खडे मिठाचा कमी भरतो, आणि मिठात दोन-तीन ग्रॅमचा फरक जिभेला लगेच कळतो. ग्रॅम दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. तो पुढे केकपासून लोणच्यापर्यंत सगळीकडे उपयोगी पडतो. मीठ साधं बारीक पुरे. आयोडिनचं चालतं. खडे मीठ वापरायचं तर मिक्सरमधून फिरवून घ्या, नाहीतर एका जागी खारट आणि दुसऱ्या जागी अळणी लागेल. मिठाच्या जोडीला माशाच्या वजनाच्या 2 टक्के साखर. ती मिठाची धार मऊ करते, मासा गोड करत नाही. पहिल्याच खेपेला साखर गाळू नका.

सुगंध सालीत असतो, रसात आंबटपणा. मुरवताना फक्त साल घालायची आणि रस पानात वाढताना पिळायचा. रस मुरवणीत गेला तर माशाचा वरचा थर पांढरा पडतो, भुसभुशीत होतो आणि आपल्याला हवी असलेली रेशमी, पारदर्शक चकाकी जाते. सालीच्या रंगीत थरात सुगंधी तेलाच्या बारीक पेशी असतात. त्या तेलात लिमोनिन भरपूर. हे तेल पाण्यात नीट मिसळत नाही, चरबीत मिसळतं. चरबीदार सॅमन सालीचा वास इतका छान धरतो तो त्यामुळेच. रावस त्या मानाने कोरडा, म्हणून त्याच्या मसाल्यात चमचाभर तेल घालायचं. सालीखालचा पांढरा थर कडू असतो. बारीक किसणीवर फळ हलक्या हाताने फिरवा आणि पांढरं दिसू लागलं की फळ वळवा.

आपल्याकडे या कामाला फळांची वाण नाही, आणि बाहेरून आलेल्या मेणचट संत्र्यांपेक्षा ती मला जास्त जवळची वाटतात. कागदी लिंबू बारा महिने मिळतं. त्याची साल पातळ आणि वास तीव्र, म्हणून थोडी पुरते. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल बाजारात असतो. साल सैल असल्यामुळे संत्र सोलायच्या आधी, घट्ट पकडून किसावं लागतं. मोसंबीची साल फळाला चिकटलेली, किसायला सोपी, वासाने सौम्य. ती एकटी फिकी पडते, कागदी लिंबाच्या जोडीने बरी. गणपतीच्या दिवसांत कोकणातून पपनस येतं. त्याची साल जाड, वास फुलांकडे झुकणारा. मिळालं तर जरूर वापरा. ईडलिंबू लोणच्यासाठी आणलं असेल तर लोणच्याआधी थोडी साल काढून ठेवा. आणि महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते फळ, बाजारात क्वचित दिसतं, पण दिसलं तर सोडू नका. त्यात रस जवळजवळ नसतो, सगळा ऐवज सालीतच. कोणतंही फळ असलं तरी किसण्याआधी कोमट पाण्यात घासून धुवा. चकाकीसाठी मेण चोळलेलं असू शकतं.

याच कुळातलं आणखी एक फळ कोकणी घरांत माशाच्या कालवणात शतकानुशतकं पडत आलं आहे, पण त्याचं लिंबाशी असलेलं नातं फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे तिरफळ. लिंबू, कढीपत्ता, बेल, कवठ आणि तिरफळ ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली भावंडं. तिरफळाची सुकी टरफलं चुरडून हुंगली की संत्र्याच्या सालीचा वास स्पष्ट येतो, आणि चावली की जीभ किंचित बधिर होते. चीनमधल्या सिचुआन प्रांताची प्रसिद्ध मिरी हीदेखील तिरफळाच्याच जातीतली. बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालणाऱ्या आपल्या आज्यांना माशाबरोबर लिंबाच्या कुळाचा वास कसा जमतो हे पक्कं माहीत होतं. सुकी तिरफळं लालबागच्या मसाला गल्लीत किंवा दादरला कोकणी सामानाच्या दुकानांत मिळतात. कोमट पाण्यात पाव तास भिजवा, आतलं काळं बी काढून टाका आणि टरफलं जाडसर ठेचा.

सॅमनची कृती. अर्धा किलोचा कातडीसकट तुकडा, मधल्या भागातला, सगळीकडे सारख्या जाडीचा, असा घ्या. शेपटीकडचा निमुळता भाग नको. तो लवकर मुरतो आणि उरलेल्याशी जमत नाही. हवाबंद पाकिटातला असेल तर फ्रीजमध्ये विरघळायला ठेवण्याआधी पाकीट उघडा. बंद पाकिटात, हवेविना, मासा मऊ पडत असताना एक फार घातक जंतू वाढू शकतो, म्हणून हे चुकवू नका. रात्रभर फ्रीजमध्ये विरघळू द्या, ओट्यावर नाही. मग कागदी रुमालाने दोन्ही बाजू कोरड्या टिपा. मांसावरून उलट्या दिशेने बोट फिरवलं की बारीक काटे टोचतात. ते चिमट्याने, ज्या दिशेला झुकले आहेत त्याच दिशेने ओढून काढा.

आता पुन्हा वजन करा. 500 ग्रॅम भरलं तर 15 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम साखर. त्यात एका संत्र्याची आणि दोन कागदी लिंबांची किसलेली साल आणि दहा-बारा जाडसर कुटलेले मिरे. सगळं बोटांनी चुरत राहा, साखर ओलसर आणि रंगीत होईपर्यंत. मिठा-साखरेचे कण सालीतल्या तेलाच्या पेशी फोडतात आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. तो सुटला नाही तर साल शिळी आहे असं समजा. मूठभर शेपू बारीक चिरून घ्या. युरोपातले लोक यात घालतात ती डिल म्हणजे आपल्या शेपूची सख्खी बहीण, आणि शेपूची भाजी न आवडणारी माणसंही या रूपात ती खातात, असा माझा अनुभव आहे. मसाला मांसाच्या बाजूला जास्त, कातडीच्या बाजूला थोडा, असा सगळीकडे लावा. वरून शेपू पसरा. तुकडा जेमतेम बसेल अशा काचेच्या डब्यात किंवा चांगल्या जाड पिशवीत घालून फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवा.

दर बारा तासांनी उलटा करा. काही तासांत पाणी सुटेल. ते ओतू नका, त्यातच मीठ आहे आणि ते परत आत जाणार आहे. इंचभर जाडीच्या तुकड्याला 48 तास लागतात, त्याहून जाड असेल तर 72. मधोमध दाबून पाहा. सुरुवातीचा लिबलिबीतपणा जाऊन सगळीकडे सारखा घट्ट लागला की झालं. कडा घट्ट आणि मधे मऊ असेल तर अजून बारा तास द्या. मग बाहेर काढून मसाला कागदाने पुसा. धुवायचं नाही, पाण्याने चव उतरते आणि पृष्ठभाग चिकट होतो. ताटलीत जाळीवर, न झाकता, तीन-चार तास फ्रीजमध्ये सुकू द्या, म्हणजे काप स्वच्छ निघतात. लांब पातळ सुरी आडवी धरून, शेपटीच्या दिशेने तिरके, कागदासारखे काप काढा आणि कातडी खाली सोडा. ती कातडी टाकू नका. गरम तव्यावर दाबून कुरकुरीत करा. पापडासारखी खाता येते.

सोबत काय? परदेशात मोहरीचं आंबटगोड सॉस देतात. आपण मोहरी फेसतोच. फेसलेली मोहरी घट्ट दह्यात घाला, चिमूट साखर, काकडीचे पातळ काप, आणि वर कागदी लिंबाचे चार थेंब. खाली तांदळाची मऊ भाकरी. पावावरही चालतं, पण भाकरीच्या गोडसर चवीवर हा मासा जास्त खुलतो. मसालेदार काही शेजारी नको, सालीचा वास बुजतो.

आता रावस. हा भाऊच्या धक्क्यावरून, नाहीतर लालबाग-दादरच्या बाजारातून आणा. बर्फ आणि जाड पिशवी घरूनच न्या. धक्क्यापासून घरापर्यंतचं अंतर थोडं, पण मे महिन्यात तेवढंही पुरतं. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, अंग दाबल्यावर खळगा न राहणारं, वास समुद्राचा. आंबूस किंवा अमोनियाचा नको. धागे मोजून घ्या. चार असतील तर रावस, पाच असतील तर तो दाढा. तोही चांगला, पण मांस वेगळं. रावस लहानपणी नर असतो आणि मोठा होऊन मादी बनतो, म्हणजे अंडी घालणारे ते मोठेच. त्यामुळे फार पिल्लू घेऊ नये आणि सगळ्यात मोठ्याचाही हव्यास धरू नये. मध्यम आकाराचा बरा. मावशींना काटा काढून, कातडीसकट, दोन बोटं जाड काप करून द्यायला सांगा. वेळ असेल तर त्या सुरेख करून देतात. गर्दीच्या वेळी हटून बसू नका.

अर्धा किलो कापांना 9 ग्रॅम मीठ पुरे. सॅमनपेक्षा कमी, कारण हे तव्यावर जाणार आणि तिथे पाणी उडालं की खारटपणा वाढतो. 4 ग्रॅम किसलेला गूळ, दोन कागदी लिंबांची साल, ठेचलेली आठ तिरफळं, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीचे कोवळे देठ आणि एक चमचा तेल, हे सगळं खलबत्त्यात एकत्र करा. कापांना चोळून झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, आठ ते बारा तास. सकाळी मसाला पुसून टाका. गुळाचे कण राहिले तर तव्यावर जळून कडवट होतात. काप कोरडे टिपा. तवा मध्यम आचेवर, थोडं खोबरेल किंवा तिळाचं तेल, आधी कातडीची बाजू खाली. चार मिनिटं तिकडून, तीन इकडून. सगळ्यात जाड कापात सुरीचं टोक घालून बघा. आत कुठेही काचेसारखं पारदर्शक राहता कामा नये, मांस पाकळ्यांनी सुटायला हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध 63 अंश दाखवायला हवेत. रव्याची किंवा तांदळाच्या पिठाची गरज नाही. मिठाने मांस आधीच घट्ट झालेलं असतं, तुटत नाही आणि पाणीही सोडत नाही. रव्याच्या कवचाखाली तिरफळाचा वास झाकला जातो, म्हणून मी तरी पीठ लावत नाही. लिंबाचा रस मात्र तवा उतरवल्यावरच. सोबत गरम भात आणि सोलकढी.

काही बिघडलं तर ओळखायचं कसं, तेही सांगतो. मासा मऊच राहिला तर वजनात चूक झाली किंवा फ्रीज थंड नाही. कडा कडक झाल्या तर तुकडा पातळ होता किंवा सुकवणं लांबलं. कडा कापून कालवणात टाका. बोटाला तार येईल असा चिकटपणा, हिरवट किंवा करडी छटा, नाकात शिरणारा वास, यातलं काहीही दिसलं तर चव घेऊन बघू नका. महागाचा मासा फेकताना जीव तुटतो हे खरं, तरीही फेका. वीज गेली आणि फ्रीज चार तासांहून जास्त बंद राहिला, तर मुरवणीतला सॅमन कच्चा खायचा बेत सोडा. त्यावर पुढची मुरवणही करू नका.

मुरलेला सॅमन फ्रीजमध्ये फार तर चार दिवस. पुन्हा गोठवला तर काप भुसभुशीत होतात. तिसऱ्या दिवशी किती उरलाय ते बघा आणि संपण्यासारखा नसेल तर लगेच शिजवा. बारीक तुकडे करून कांद्यावर परता, मऊ मूगडाळीच्या खिचडीत वरून घाला आणि झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ काढा. खिचडीत वेगळं मीठ अर्धंच घाला, कारण सॅमनमधलं मीठ भाताला लागतं.